तीन बोटं उंच

तिला सगळे घाई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. नळ आणि शॉवर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गोदामात ती पॅकिंगला होती, दाराकडून पहिल्या टेबलावर. खोकं उघडायचं, तळाशी फोम, त्यावर नळ, वरून पुन्हा फोम, झाकण, टेप, की ढकल पुढे. टेप ओढल्याचा तो कर्कश आवाज इतरांच्या टेबलांवरून थांबून थांबून येई, तिच्या टेबलावरून सलग. जेवणाच्या सुट्टीत ती डबा हातात घेऊन उभ्यानेच खायची आणि खाता खाता दारापर्यंत जाऊन यायची. घरी टीव्हीसमोर बसली तर जाहिरात लागायच्या आत उठायची. हिच्या अंगात भिंगरी आहे हे सासऱ्यांनी लग्नाआधी सांगितलं नाही, अशी नवऱ्याची जुनी तक्रार होती.

उंचीच्या बाबतीत मात्र तिच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं. गोदामातली जुनी टेबलं सगळी एकाच मापाची, कुणीही कधी न पाहिलेल्या एका धिप्पाड माणसासाठी बनवल्यासारखी. घाई एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर उभी राहायची. शेजारच्या टेबलावर जिला सगळे शिडी म्हणत ती होती. लांब, किडकिडीत, पाठीला कायम पोक. तिला क्रेटची गरज नव्हती, पण ती तळपायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालायची, फरशी टोचते म्हणून. ज्याने त्याने आपापली सोय लावून घेतली होती.

सोयी होत्या, तशी दुखणीही होती. घाईची मोठी नणंद त्याच गोदामात खालच्या फळीवरून जड खोकी उचलायची. एके दिवशी ती वाकली ती सरळ झालीच नाही. चौघांनी धरून गाडीत बसवली. बरी झाल्यावर तिला ग्राहकांकडून परत आलेला माल तपासायच्या खोलीत टाकलं. बसून काम, खिडकी नाही, दाराला वितभर काच. कामाचा जोर ओसरलेली माणसं तिथे जात, म्हणून त्या खोलीला सगळे पेन्शन म्हणत. "सध्यापुरतं तिथे बसा," असं सुपरवायझर नणंदेला म्हणाला होता. त्यानंतर त्याने दोन वेळा मिशा ठेवल्या आणि काढल्या, नणंद तिथेच होती.

घाईला एरवी कशाची भीती वाटत नसे. त्या खोलीची वाटायची. काम अवघड म्हणून नव्हे, तिथल्या खुर्चीमुळे.

पाठी धरण्याचे प्रकार वाढले तेव्हा मालकांनी एक बाई बोलावली. फिजिओथेरपीचं शिक्षण घेऊन कारखान्यांतली कामाची जागा सुधारण्याचं काम ती करायची. तिने सगळ्यांना उभं करून नीट सांगितलं: नवी टेबलं येणार, प्रत्येक टेबल त्या त्या माणसाच्या कोपराच्या मापाने बसवणार, खांदे खाली राहिले पाहिजेत, कंबर वाकता कामा नये, पुढच्या आठवड्यात मापं घेऊ. बोलणं सगळ्यांना ऐकू आलं, विश्वास कुणाचा बसला नाही. माप घेऊन टेबल बदलतात हे कुणी पाहिलेलं नव्हतं. माणसं बदलतात, हे पाहिलेलं होतं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने तर ऑफिसात स्वतःच्या कानांनी ऐकल्याचं सांगितलं, की बुटके सगळे पेन्शनीत आणि उंच सगळे वरच्या रॅकवर. एरवी त्याच्या बातम्या कुणी मनावर घेत नसे. या बातमीने मात्र दुपारपर्यंत सगळी टेबलं फिरून घेतली.

घाईने घरी येऊन ओट्यावर फोमचे तुकडे मांडले. ती पॅकर होती. पोकळी कशी भरायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बुटाच्या टाचेत बसतील अशा दोन पाचरी तिने सुरीने कापल्या, त्यांवर पुठ्ठ्याचा थर दिला, टेपने आवळल्या, बूट घालून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. तीन बोटं तरी उंची वाढली.

नणंद दारात उभी राहून बघत होती. "नळ पाठवते आहेस की स्वतःच निघालीस?"

"ताई, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू? मी पेन्शनर."

मापं घेताना बाईने बूट काढायला लावले नाहीत. दिवसभर बुटातच उभं राहायचं, तर माप बुटातलंच हवं. तिचं म्हणणं चोख होतं. एरवी एका जागी न ठरणारी घाई खांबासारखी उभी राहिली. तिच्यानंतर शिडी. ढगळ पँटच्या आत गुडघे मुडपून, मान खांद्यांत ओढून ती धुतल्यावर आटलेल्या कपड्यासारखी दिसत होती. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनीही दुसरीकडे पाहिलं.

टेबलं आली. पायांखाली रबरी चटया आल्या, जड खोकी कमरेच्या उंचीच्या फळ्यांवर चढली. टेबलाच्या बाजूला एक हँडल होतं. ते फिरवलं की टेबल वरखाली होई. लोक दिवसभर खेळत बसतील म्हणून सुपरवायझरने उंची लावून झाल्यावर फिटरकडून सगळी हँडलं काढून घेतली. पायात अडकून कुणी पडेल म्हणून क्रेटही उचलून नेले. मालक येऊन बघून गेले, खूश झाले.

घाईचं टेबल तीन बोटं उंच होतं.

तीन बोटं म्हणजे काही डोंगर नव्हे, असं तिने पहिल्या दिवशी स्वतःला सांगितलं. प्रत्येक खोक्याला टेप लावताना उजवा खांदा कानाकडे जाई. संध्याकाळी तो तिथेच राहू लागला. तिने बुटात पाचर घालून काम करून पाहिलं. सकाळी माप जमायचं, दुपारपर्यंत फोम दबून चपटा व्हायचा, तळपाय जळायचे ते वेगळंच. मग ती टाचा उचलून काम करू लागली. मग एका पायावरून दुसऱ्यावर. लांबून पाहणाऱ्याला वाटे, हिला कुठेतरी जायचंय. टेपचा सलग आवाज तुटू लागला. सुपरवायझर एकदा येऊन तिची बांधून झालेली खोकी मोजून गेला.

घरी ती कपडे पिळताना डावा हात पुढे करू लागली. उजव्या कुशीवर पडवेना, डाव्या कुशीवर झोप येईना. नणंदेने मलम चोळता चोळता सांगितलं, की खरं काय ते सांगून टाक.

"सांगून काय होणार? तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसू?"

नणंदेचा हात थांबला. "खुर्ची चावत नाही, घाईबाई. माझी पाठ मला तिथेच परत मिळाली."

घाई उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

काही आठवड्यांनी ती बाई पुन्हा आली, टेबलं कशी चालली आहेत ते पाहायला. घाईच्या टेबलासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग जवळ येऊन तिने घाईच्या खांद्यावर बोटं ठेवली, आणि घाई चटका बसल्यासारखी बाजूला झाली. हे टेबल उंच आहे, बाई म्हणाली, असं कसं झालं? सुपरवायझरने लगेच फिटरला हाक मारली. फिटरकाका निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने टेबलाला मापाची टेप लावून दाखवली: दिलेल्या मापाला अगदी बरोबर. मग तुमची टेप चुकीची असेल, सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला. आता चष्म्याचा नंबर तरी काढा. फिटरकाकाने टेप गुंडाळून खिशात ठेवली.

घाईच्या ध्यानात आलं, की आता फक्त गप्प बसायचं आहे. टेबल आपोआप खाली येईल. कुणी काही विचारणार नाही. काका चार दिवस मान खाली घालून वावरतील, मग तेही विसरतील. तिने पुढचं खोकं ओढलं, तळाशी फोम घातला, नळ ठेवला. पण इतके आठवडे पोटात ठेवलेलं आता आत राहीना. झाकण लावायच्या आधीच ते बाहेर पडलं.

"टेबल बरोबर आहे, मॅडम. मीच चुकीची आहे."

तिने वाकून बुटाची नाडी सोडली, टाचेतून फोमची पाचर उपसली आणि टेबलावर ठेवली. ती पापडासारखी चपटी झाली होती, तिच्यावर तिच्या टाचेचा ठसा होता.

बाई हसली नाही. असं का केलं, एवढंच तिने विचारलं. पेन्शन, असं घाई म्हणाली. त्याचा अर्थ बाईला समजावून सांगायची वेळ सुपरवायझरवर आली, आणि सांगताना त्याचा आवाज बराच खाली आला. बाईने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "अजून कोण?"

फोर्कलिफ्टवाला छताकडे बघत होता. मग शिडी हळूहळू सरळ झाली, आधी गुडघे, मग पाठ, मग मान. अशी वाढतच गेली, की मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्यानंतर एकेकाने कबूल केलं.

त्या दिवशी मापं नव्याने झाली, बूट उलटे करून झटकून. हँडलं परत लागली. माणसाचं शरीर सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं, त्यांचं त्यांना फिरवू द्या, यावर बाई अडून बसली. पण फिटरकाका घाईचं टेबल खाली घेत असताना बाईने तिला उजवा हात वर करायला सांगितला. तो कानापर्यंत पोचला नाही.

"टेबल तुझं आहे," बाई म्हणाली. "पण हा खांदा बरा होईपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. हलकं काम कर."

हलकं काम गोदामात एकच होतं. घाईने सुपरवायझरकडे पाहिलं.

"सध्यापुरतं," तो म्हणाला.

पेन्शनीत नणंदेने शेजारची खुर्ची पुसून ठेवली होती. घाई त्या खुर्चीवर डबा ठेवते आणि उभ्याने माल तपासते. बस गं, माझी मान दुखते तुझ्याकडे बघून, असं नणंद दिवसातून कितीदा म्हणते. मधूनमधून घाई दारापाशी जाऊन काचेला नाक लावते. तिच्या टेबलावर एक नवी मुलगी आली आहे, घाईपेक्षा हातभर उंच. पहिल्याच दिवशी तिने हँडल फिरवून टेबल वर घेतलं, त्यात गैर काहीच नाही.

जेवणाची सुट्टी झाली की घाई बाहेर येते, डाव्या हाताने हँडल फिरवते आणि टेबल आपल्या मापाला आणून ठेवते. सुट्टीनंतर नवी मुलगी ते पुन्हा वर नेते. फिटरकाकाने दोघींना पाहिलं आहे. हँडलाला तो तेल घालून जातो.