पुढचं नाव कोणाचं

जूनमध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या किनाऱ्यावर सूर्याला मावळायची आठवणच राहत नाही. जेवणं उरकली तरी खाडीवर दुधाळ उजेड तरंगत असतो आणि त्यातून गावच्या हॉलकडे निघालेली माणसं दुरून होड्यांसारखी दिसतात, संथ, किंचित डोलणारी.

मॅजेला फोलन मात्र भराभर चालायची. आयरिश भाषा शिकायला येणारी शहरातली पोरं ती उन्हाळाभर घरी ठेवून घेई. कोणाचे मोजे ओले, कोण उशीत तोंड खुपसून रडलं, सगळं तिच्या जिवाला लागे. नवरा मासेमारीला गेला आणि वारा सुटला की ती ब्रेड भाजायला घ्यायची. शेजारीण डेलिया म्हणायची, "समुद्र खवळलाय का, ते मला रेडिओनं कशाला सांगायला हवं? तुझ्या चुलीचा वास येतो की!"

या वर्षी तिला घोर होता तो लेकीचा. डर्व्हला गाण्याच्या एका मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या कडव्याशी अडखळली, मंचावर क्षणभर तशीच उभी राहिली आणि खाली उतरली. तेव्हापासून घरात गुणगुणणंही बंद.

आणि गावातल्या मैफलीचा तर शिरस्ताच असा, की जो गातो तोच पुढच्याचं नाव घेतो. नाव निघालं की नाही म्हणायचं नसतं. म्हणून मॅजेला दुपारीच घरोघरी फिरून आली होती. "डर्व्हलाचं नाव तेवढं घेऊ नका. पोर कोलमडेल."

"बरं, नाही घेत," म्हातारे फेस्टीकाका पुटपुटले होते. "पण माझ्या मनाला पटत नाही, पोरी."

हॉलमध्ये फिडल सुरू झालं, मागोमाग हातात मावणारी, भात्याची कॉन्सर्टिना. नाचणाऱ्या चार-चार जोड्यांचे चौक फिरू लागले. जमिनीवर एक जुनं दार आडवं टाकलं होतं. त्यावर एकटाच कोणी टाचा आपटून नाचे आणि लाकूड पावसासारखं वाजे. तिरप्या उन्हात धूळ सोनेरी होऊन हलत होती. मग नाच थांबला, गाणी सुरू झाली. एकेक नाव निघत गेलं. चहाच्या बंबापाशी अंड्याची सँडविचं कापणारी मॅजेला प्रत्येक नावागणिक सुटकेचा श्वास टाकत होती.

डर्व्हला रिकामे कप घेऊन आली ती उभीच राहिली.

"आई, गायला उठताना फेस्टीकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. डेलियानंही नाव घेताना तेच केलं."

"अगं, गर्दी किती आहे..."

"एकदाच चुकले ना गं मी? आता गाव मला गाणाऱ्यांत धरतच नाही का?"

मॅजेलाच्या हातातली सुरी थबकली. तेवढ्यात गाणं संपवून फेस्टीकाकांनी हाक दिली, "मॅजेला फोलन! चहा राहू दे, बाहेर ये!"

"मी? माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी!"

"मग थोडं तेल घाल आणि गा!" कोणीतरी ओरडलं.

ओल्या हातांनीच ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि आजीकडून आलेलं, परत न आलेल्या होडीचं गाणं तिनं धरलं. आवाज बारीक, थरथरता. मध्येच शब्द निसटले. कोणीतरी तिचा हात हातात घेऊन जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू गोल फिरवू लागलं. अडलेल्या गाणाऱ्याला इथे असाच आधार देतात. हात खरखरीत होता, डेलियाचा. त्या लयीत शब्द परत आले.

गाणं संपलं. आता नाव घ्यायची पाळी तिची. हॉल वाट पाहत राहिला.

"डर्व्हला," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझं नाव कोणी घेऊ नये म्हणून मीच विनवलं होतं, बाळा. यांचा काही दोष नाही."

"सुटलो बाई!" फेस्टीकाका म्हणाले. "दुपारपासून ते नाव गरम बटाट्यासारखं जिभेवर घेऊन बसलोय!"

हशा पिकला. डर्व्हला हसली नाही. "घरी चल, मग सांगते तुला," एवढं आईला बजावून ती पुढे आली आणि डोळे मिटून गाऊ लागली. पहिलं कडवं धुक्यासारखं खाली उतरलं. खिडकीतला उजेड तिच्या केसांवर होता. मॅजेलाला वाटलं, सगळा हॉल जमिनीपासून सुटून खाडीवर वाहत चाललाय.

दुसऱ्या कडव्याशी आवाज थांबला.

कोणी हललं नाही. मॅजेलाचं एक पाऊल आपोआप पुढे पडलं. हात उचलला गेला. डर्व्हलाचे डोळे मिटलेलेच होते, ओठ किंचित उघडे, आणि हात तिनं कोणाकडेच केला नव्हता. मॅजेलानं पाऊल मागे घेतलं, ॲप्रन दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि जागच्या जागी उभी राहिली.

मग पोरीनं स्वतःच श्वास घेतला. गाणं पुढे निघालं.