कट-कट मोटरची नव्हती

इथे इलेक्ट्रिक गाडी चालवणारे कोण कोण आहात? आज सकाळी तुमसरला घडलेलं सांगतो.

चार दिवसांपासून माझ्या गाडीचा वेग वाढवला की खालून कट-कट आवाज येत होता. मोटरच गेली असं मी धरून चाललो होतो. त्यात उद्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचंय.

माझा चेहरा पाहून शेजारचे रामटेके काका स्वतःच गाडीत येऊन बसले. काका तीस वर्षं राईस मिलमध्ये फिटर होते, पण इलेक्ट्रिक गाडीत आज पहिल्यांदाच बसले.

"सरळ जाय, वेग वाढव," ते म्हणाले. "आता डावीकडं वळवून वाढव."

वळताना आवाज जास्त आला.

"मोटर नाही बिघडली. गॅरेजवाल्याले उजव्या चाकाचा जोड पाहाले सांग."

गॅरेजवाल्याने गाडी उचलली. उजव्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्यावरचं रबर फाटलं होतं आणि ग्रीस उडून जोड कोरडा पडला होता. नवा दांडा परवा येईल, म्हणून आईला एसटीने नेणार आहे. मोटर ठणठणीत आहे.

गॅरेजमधून पायी परतताना मी विचारलं, "काका, एवढा बारीक आवाज तुम्हाले नेमका कसा समजला?"

"बारीक आवाज मले कुठं ऐकू येते बाप्पा," काका हसले. "मिलच्या कल्ल्यात कान कवाचेच गेले. मी चप्पल काढून तळव्यानं पाहून राहिलो होतो."

मी चारही दिवस बूट घालून कान टवकारत होतो. तुमच्यापैकी कुणी गाडी अशी पायांनी ऐकली आहे का?