ठमाबाईची साक्ष

ठमाबाई एकोणीस वर्षं आमच्याकडे भांडी घासायला होती. तिला घड्याळ कळत नसे. मी शाळेत असल्यापासून रोज वही लिहीत आले आहे. तरी कोर्टाने विश्वास ठेवला तो तिच्यावर.

गोष्ट १९७८ची. देवळाली कॅम्पच्या बाजारात तिन्हीसांजेला कुणीतरी खंडेराव नावाच्या एकाचं डोकं पान्याने फोडलं. नाव आलं सायकलवाल्या सोमाचं. शाबीत झालं असतं तर तो पाच-सात वर्षं आत गेला असता. पण त्या वेळी सोमा तिथून दोन-तीन कोस दूर, नाशकात, शरणपूर रस्त्यामागच्या आमच्या गल्लीत ह्यांच्या सायकलचं पंक्चर काढत होता. मी खिडकीतून पाहिलं, ठमाबाईने नळावरून. साक्षीला आम्ही दोघी.

मी तारीख सांगितली, सहा चाळीसची वेळ, खाकी सदरा, दुसरं बटण तुटलेलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "हे लिहिलंत कधी?"

"कच्ची टिपणं रोज करते. रविवारी शाईने पक्क्या वहीत उतरवते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय."

"कच्ची पानं कुठे आहेत?"

"फाडून टाकते."

"सोमाला पकडलं शुक्रवारी. म्हणजे हे पान त्यानंतरचं."

मला हो म्हणावं लागलं.

मग ठमाबाई. पदर खोचलेला, जणू भांडी घासायलाच आली होती. न्यायाधीशांनी विचारलं, "किती वाजले होते?"

"घड्याळ नाय कळत, साहेब. नळ नुकताच गेला व्हता. माझी घागर कोरडी. सोमाच्या घमेल्यात पाणी व्हतं, ते मागितलं. मेला म्हणतो, ट्यूब बुडवायचीय, घरी जा."

"सदरा कुठला होता?"

"ध्यानात नाय."

सरकारी वकील म्हणाले, "त्याला वाचवायला आलीस ना?"

"त्याला? तांब्याभर पाणी दिलं नाय त्यानं. आजबी बोलत नाय मी त्याच्याशी."

पिंजऱ्यातला सोमासुद्धा खाली बघून हसला.

सोमा सुटला. इंग्रजी निकालपत्र सोमाच्या वकिलांनी मराठीत समजावलं. ठमाबाईला जे आठवत नाही ते ती आठवत नाही म्हणते. आरोपीवर तिचा राग आहे, त्याच्यासाठी खोटं बोलायचं तिला कारण नाही. आणि नळ साडेसहाला जातो हे नगरपालिकेच्या कागदावरही आहे. माझ्याबद्दल दीड ओळ होती. बाई सभ्य आहेत, पण बोलल्या ते आठवणीतून की वहीतून, हे ठरवता येत नाही.

परतताना हे म्हणाले, "ठमाबाई काय छान बोलली." आमच्या लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. माझ्या बोलण्याबद्दल असं ते कधी म्हणाले नव्हते.

सोमा पेढे घेऊन आला तो आधी नळावर गेला. "मावशी, घमेलं भरून ठेवलंय तुझ्यासाठी," म्हणाला. ती म्हणाली, "आता काय उपयोग, नळ आलाय." दोघं हसत होती. मग पुडा माझ्याकडे आला, उघडलेला.

त्या रविवारी मी पक्क्या वहीत 'सोमा सुटला' एवढंच लिहिलं. ठमाबाईचं नाव घातलं नाही. कच्ची पानं मात्र फाडली नाहीत, तेव्हापासून कधीच नाही. आणि पुढचा आठवडाभर, भांड्यांना राख राहते म्हणून, मी तिला रोज बोलत होते. राख राहत नव्हती. कच्च्या पानांवर तसं लिहिलेलं आहे.