कडी लावून खाल्लेले लाडू

गावाहून, तामसीहून, हैदराबादला निघाले त्या सकाळी आईनं लाडवांचा स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. बाबा बसच्या खिडकीखालून म्हणाले, "रडू नको. आपल्या घरातून युनिव्हर्सिटीत जानारी तू पयलीच." आदिलाबाद येईपर्यंत मी चार लाडू संपवले. भूक नव्हती.

हे घरच्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, कारण माझं वजन हा गावात चर्चेचा विषय झालाय असं कळलं. हैदराबाद मानवलं म्हणे. डोंबल मानवलं.

आपल्या घरात रडायला एकच कारण चालायचं, भूक. मी पडले, घाबरले, मार खाल्ला, तरी आई म्हणायची, "काऊन रडून राह्यली? घे, खा," आणि ताट पुढं यायचं. खाल्लं की गप्प. हीच सवय घेऊन इथं आले. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले. बाबा, पहिलीच म्हणून पाठवलेल्या मुलीनं ते कुठल्या तोंडानं सांगायचं? खोलीतल्या मुली क्लासला गेल्या की मी कडी लावायचे. आधी लाडू, मग बिस्किटांचे पुडे, मग मेसमधून आणलेला गार भात. चव कळत नव्हती. पोट दुखायला लागलं की थांबायचे. मग स्वतःची इतकी किळस यायची की दोन दिवस उपाशी, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कडी.

शेवटी इथल्या काउन्सेलर मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, खाण्याच्या आधी काय झालं होतं? असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मला तुमचा भयंकर राग आला.

तरी दर शनिवारी ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती डबा येतच होता. फोनवर आईचा रोज एकच प्रश्न, "जेवली काय?" परवा मी भडकले. सगळं सांगून टाकलं, राहिलेले विषय, कडी, सगळं. डबा पाठवू नको, जेवणाचं विचारू नको म्हटलं.

 आई म्हणाली, "मंग काय इचारू तुले?"

मी फोन ठेवून दिला.

या शनिवारी तरीही बसस्टँडवर गेले. ड्रायव्हर म्हणाला, काही दिलं नाही. नको मीच म्हटलं होतं, आणि मीच त्या बिचाऱ्यावर खेकसले. मग तिथंच, लोकांसमोर, रडू फुटलं.

आई, काय विचारू म्हणालीस ना? तेच विचार, काऊन रडून राह्यली. फक्त ताट आणू नको, बसून ऐक. ते जमत असेल तर ते माझं घर. नसेल जमत, तर तुमचे लाडू तुम्हाला लखलाभ.