दुर्बीण कुणाच्या खांद्याला

भूकंपात आमचं निलंग्याकडचं गाव गेलं. आई त्यातच गेली. सरकारनं नवं गाव बसवलं ते जुन्या जागेपासून लांब, माळावर. सरळ रस्ते, सारखी घरं. शेतं मात्र होती तिथंच राहिली. ही आखणी करताना कुणी शेतकऱ्याला विचारलं नाही, की रोज शिवारात जायचं कसं आणि दिवस मावळल्यावर राखण करायची कुणी. माणसांचा वावर संपला, ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळी माजल्या आणि बाभळींत रानडुकरं आली. ती आमच्या भुईमुगात नांगर फिरवल्यासारखी फिरायची. मला अजून त्या आखणीचा राग येतो.

वडिलांकडे पीक-राखणीच्या परवान्याची रायफल होती. ते गेल्यावर मी परवाना माझ्या नावावर करून मागितला. तेव्हा मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते आणि सुट्टीला गावी येऊन शेत बघत होते. कचेरीतला माणूस म्हणाला, "घरात कुणी पुरुष न्हाई का?" मी म्हटलं, चुलते आहेत, पण शेत माझं आहे आणि नेम वडिलांनी मला शिकवलाय. बरेच हेलपाटे झाले, पण परवाना मिळाला. डुकरं मारायची वनखात्याची परवानगीही काढली.

चाळिशी लागली तशी एक अडचण आली. नेम धरताना रायफलवरची डोळ्याजवळची खाच पुसट दिसायला लागली. खाच नीट दिसावी म्हणून चष्मा लावला की नळीच्या टोकावरची माशी आणि शेत दोन्ही पुसट. रायफलला दुर्बीण लावणं हाच उपाय होता. तीही पॉवर कमी-जास्त करता येणारी हवी होती. आमच्या शेताच्या एका अंगाला ओढा आहे. तिथून डुक्कर निघतं ते अगदी पुढ्यात. तिथं पॉवर जास्त असली तर काचेत नुसते केस दिसतात, जनावर सापडत नाही. दुसऱ्या अंगाला शेत लांबवर पसरलंय. तिथं बार काढायच्या आधी डुकराच्या मागं काय आहे ते स्वच्छ दिसलं पाहिजे, कारण भल्या सकाळी बायका खुरपायला येतात. तीनपटीपासून नऊपटीपर्यंत फिरणारी दुर्बीण मला पुरे होती. हे मी पुष्कळ विचार करून ठरवलं होतं.

लातुरात मनासारखी मिळेना, म्हणून जीप करून नांदेडला गेले. काका सोबत आले. रायफल घेऊन एकटीनं जायला नको म्हणून, शिवाय त्यांना नांदेडला पाहुण्यांकडं जायचं होतं. दुकानदारानं काकांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "बोला काकाजी, काय दाखवू?"

काका म्हणाले, "मला काय इचारता? बंदूक तिची हाय."

दुकानदार हसला आणि काकांकडेच बघत म्हणाला, "मग फिक्स पावरची घ्या. बाईमाणसाला फिरवाफिरवीचा ताप नको."

मी म्हटलं, "मला तीन ते नऊची दाखवा."

त्यानं आतून भलीमोठी दुर्बीण आणली. चोवीसपर्यंत जाणारी, आत लाल-हिरवा दिवा. "ही बघा काकाजी. क्लासवाले साहेब लोक हीच नेतात."

मी ती उचलून दारात गेले. समोर रस्त्यापलीकडे एका क्लासचा फलक होता, गुणवंत मुलांच्या फोटोंचा. चोवीसवर मला एका मुलाचा कान दिसला, तोही थरथरता. हात जरा हलला की कान गेला, मग कितीही शोधला तरी सापडेना. भर दुपारीसुद्धा चित्र मंद होतं. मी परत येऊन सांगितलं, की पॉवर वाढवली की डोळ्याला उजेड कमी मिळतो आणि मला ही पहाटेच्या अंधूक उजेडात वापरायचीय. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघून राहिलंय?" मी ज्या मुलांना हेच शिकवत होते, ती मेडिकलला, इंजिनिअरिंगला लागत होती. इथं माझं वाक्य पुरं ऐकून घ्यायचीही कुणाला गरज वाटत नव्हती.

अखेर तीन ते नऊची निघाली. साधी, मध्ये बारीक फुली. तीनवर अख्खा फलक दिसला, नऊवर एकेक चेहरा ओळखू आला. मी ती घेतली आणि म्हटलं, बसवून द्या.

आणि माझ्यादेखत त्यानं रायफल काकांच्या खांद्याला लावली. काका उंच, मान लांब. त्यांना काच भरून दिसेल अशी दुर्बीण त्यानं पुढं सरकवली आणि स्क्रू आवळायला घेतले. काकाही बिचारे एक डोळा मिटून "हां, दिसतंय" म्हणत होते. परवाना माझा, शेत माझं, डोळा माझा, आणि माप काकांच्या मानेचं.

मी रायफल मागून घेतली आणि खांद्याला लावली. सगळीकडे काळी कड, मध्ये बटणाएवढा उजेड.

"हे सगळं सैल करा," मी म्हटलं. "माझ्या डोळ्याला लावून बसवा."

"थोडी मान पुढं घ्या की. सवय होईल."

"नाही होणार. धक्का बसला की काच भुवईत घुसंल. पुन्हा बसवा."

तो काकांकडे बघायला लागला. मी खुर्ची ओढून त्याच्या कामाच्या टेबलासमोर बसले आणि म्हटलं, "माझ्याकडं बघा. गिऱ्हाईक मी आहे." माझा आवाज चढला असणार, कारण दुकानात आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. त्यानं कपाळाला आठ्या घालून स्क्रू सोडले. माझा गाल रायफलच्या दस्त्यावर टेकलेला, आणि तो केसाकेसानं दुर्बीण मागं घेतोय. काच भरून दिसेपर्यंत मी हलले नाही.

पुढच्या सुट्टीला जुन्या गावठाणाच्या मातीच्या ढिगाला कागद लावून मी नेम जुळवून घेतला. त्यानंतर काही दिवसांनी, तांबडं फुटताना, ओढ्याकडून एक मोठा नर निघाला. दुर्बीण तीनवर होती. मागं नुसता बांध आहे याची खात्री केली आणि बार काढला. जागेवर पडला.

वनरक्षक पंचनाम्याला आला. काका लांब बांधावर उभे होते. मी डुकराशेजारी, रायफल माझ्या हातात. तो मला ओलांडून सरळ काकांकडे गेला आणि म्हणाला, "तुमचं नाव सांगा. कुठून मारलं?"

काका काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी मारलं. इकडं या."

"ताई, कागदावर घरच्या मोठ्या माणसाचं नाव बरं असतं."

"परवाना कुणाच्या नावाचा आहे तो वाचा आधी."

त्यानं वाचला. कुरकुरत माझं नाव लिहिलं आणि पुढं पतीचं नाव विचारलं. मी लग्न केलेलं नाही, असं सांगितल्यावर त्याचं पेन थांबलं. ते थांबलेलं पाहून काका बांधावरून खाली उतरले.

"लिव्ह की बापाचं," ते म्हणाले. "बापानंच शिकवलंय तिला. लवकर लिव्ह, तिला लातूरला बॅच हाय."