अंगठ्याच्या बदल्यात बंपर

नवऱ्याच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीर अंगणात आला आणि माझ्याकडे न बघता पिकअपकडे बघत बोलला, "वहिनी, हा बंपर काढा आता."

मला वाटलं, कुठे आदळला की काय. उठून बघितलं. धड होता. डावीकडे खाली एक पोचा होता, तो जुना. नवऱ्याने फाटकाच्या खांबाला लावून घेतलेला. बाकी लख्ख. क्रोमचा बंपर, कल्याणहून खास बसवून आणलेला. त्या माणसाची हौस म्हणाल तर तेवढीच. सकाळी पंच्याने बंपर पुसायचा आणि तोच पंचा घेऊन अंघोळीला जायचा. त्यावरून मी रोज बोलायचे.

"काय झालंय त्याला?"

"झालं काय नाय. चकचकतोय. घरात दुखवटा, बाईमाणूस गाडी चालवणार, आन पुढून गाडी अशी वरातीला निघाल्यागत. लोक बोलतात."

"कोण लोक?"

"लोक म्हंजे लोक. आई पन बोलते."

त्याची आई, म्हणजे माझी सासू, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, सूप मात्र थांबलं. तेव्हा मला सगळं कळलं.

गाडी नवऱ्याच्या नावावर होती. डोळखांबकडच्या पाड्यांवरून भेंडी-काकडी गोळा करून कल्याणच्या बाजारात टाकायची, हा आमचा धंदा. त्याची कंबर धरायला लागल्यापासून स्टिअरिंगवर मीच असायचे आणि तो शेजारी बसून मला ब्रेक कधी मारायचा ते सांगायचा. आता गाडी माझ्या नावावर करायची तर मृताची आई म्हणून सासूची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र लागणार होतं, आणि त्यावर तिचा अंगठा. तो मिळाला नसता तर गाडी अंगणात उभी राहिली असती, नाहीतर दिराने चालवली असती. त्याचा डोळा होताच. मला दुसरं काही येत नाही. भात लावता येतं, पण शेत सासूच्या नावावर.

मी ओट्याजवळ गेले. "बंपर काढला तर कागदावर अंगठा लावाल?"

सासू म्हणाली, "माज्या हातच्या बांगड्या काढल्या तवा मला कोनी इचारलं नाय गो. तुला इचारतात तरी."

"लावाल का?"

"लावीन."

दुसऱ्या दिवशी मी गाडी मुरबाडला एका गॅरेजात नेली. फिटर चाळिशीचा, तोंडात सुपारी. बंपरवरून हात फिरवून म्हणाला, "ताई, लोक हा बसवायला येतात. काढायला तुमीच पयल्या."

"काढा."

तीन बोल्ट तेल सोडल्यावर निघाले. डावीकडचा, पोच्याजवळचा, गंजून बसला होता. तो ग्राइंडरने कापावा लागला. फिटरकडे पत्र्याचा एक जुना बंपर होता, मापात बसणारा. "हा गाडीच्या पांढऱ्या रंगात मारून देतो. छान दिसंल."

"छान दिसायला नको. काळा मारा."

त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि काळ्या रंगाचा डबा काढला.

रंग वाळेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेत बसले. दहाव्याला बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या होत्या, त्याचं मला फार वाटलं नव्हतं. गिअर टाकताना त्या आडच यायच्या. पण उतरवलेला बंपर तिथे भिंतीला उभा होता, त्यात रस्त्यावरच्या एसट्या वाकड्या होऊन जात होत्या, आणि मला तिकडे बघवेना. मी स्टूल फिरवून पाठ केली.

बंपर गोणपाटात गुंडाळून घरी आणला. दीर म्हणाला, "द्या, माळ्यावर टाकतो." मी दिला. सासूने चार दिवसांनी शहापूरला येऊन अंगठा लावला, पुढे गाडी माझ्या नावावर झाली. सौदा पुरा झाला. मला वाटलं, स्वस्तात सुटले.

थंडीत म्हसा गावची जत्रा लागली. मी एका घोंगड्यावाल्याचा माल उतरवायला गेले होते. बैलांच्या बाजाराकडे वळताना समोर दिराची गाडी उभी. त्याने नवी पिकअप घेतली होती हे माहीत होतं. तिला झेंडूचा हार घातला होता आणि हाराखाली क्रोमचा बंपर होता. डावीकडे खाली पोचा.

मी उतरून जवळ गेले. दीर हसला. "माळ्यावर गंजून गेला असता, वहिनी. मंग म्हटलं, लावू."

"माझ्या गाडीला वाईट दिसत होता तो."

"तुमचं येगळं."

"भाऊ तुमचाच गेला ना? वर्ष पण झालं नाही."

"असं काय बोलता, वहिनी," तो म्हणाला आणि बैलवाल्याशी बोलायला गेला.

सासू त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर होती. काच खाली होती, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "पुरुषाच्या गाडीला चालतं गो." आणि पदराने तोंड पुसलं.

मी वाकून डावीकडचा बोल्ट चाचपला. नवा घातला होता, पण सैल. आवळायला सांगणार होते. सांगितलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. गाडी माझी आहे, कागद माझे आहेत, कुणाचा अंगठा लागत नाही. क्रोमचा दुसरा बंपर मी उद्या बसवू शकते. दोनदा कल्याणला त्या दुकानासमोर गाडी उभी केली. दुकानदार बाहेर येऊन बंपर दाखवायला लागला, म्हणाला, "मॅडम, गाडीला उठाव येईल." दोन्ही वेळा समोरच्या आरशात माझं कपाळ दिसलं आणि मी गाडी सुरू केली. हे दिराने केलं नाही, सासूनेही नाही. माझं मीच केलं, आणि याचा राग मला त्या दोघांपेक्षा जास्त आहे.

काळा रंग पावसाळ्यात खालून फुगतो, पोपडे निघतात. दरवर्षी जत्रेच्या आधी मी ते पत्र्याने खरवडते, डबा उघडते आणि स्वतःच हात मारते.