सहा खेळांच्या दर्शना मिस

दर्शना साळवेला सहा खेळ यायचे, आणि तीच तिची मोठी अडचण होती.

कल्याणजवळच्या मोहने गावात, चाळीत वाढलेली मुलगी. शाळेत खो-खो, कॉलेजात कबड्डी, मग लांब उडी, भालाफेक, हँडबॉल. एका वर्षी कॉलेजला एक मुलगी कमी पडली म्हणून तिला ज्युदोला उभं केलं, तर तिथूनही ती ब्राँझ घेऊन आली. चार खेळांत ती राज्य पातळीपर्यंत गेली.

कबड्डीची निवड समिती तिच्यावर खूश झाली. "हिचे पाय धावपटूचे आहेत, तिकडे चमकेल," म्हणाली. मैदानी खेळवाल्यांना तिच्या खांद्यात भाला दिसला. भालावाल्यांना ती मुळात हँडबॉलचीच वाटली. प्रत्येकाने असं मोठ्या मनाने तिला दुसऱ्याच्या हवाली केलं. क्रीडा कोट्यातून नोकरी मागायला गेली, तेव्हा साहेबांनी फाइल दोनदा चाळली.

"एवढं खेळलात, पण एकात काही धड नाही."

साहेब स्वतः काय खेळायचे, ते त्यांच्या पोटावरून कळत नव्हतं.

शेवटी तिची किंमत कळली ती शीळफाट्याजवळच्या एका शाळेला. शाळेच्या नावात इंटरनॅशनल होतं, मुलं ठाकुर्ली-डोंबिवलीची होती. संचालक सुधीर सरांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "सहाही खेळ तुम्हीच घ्याल ना?" तिने हो म्हटलं. मग सहा खेळांना क्रिकेट जोडलं गेलं, बँड जोडला गेला, पाहुण्यांच्या स्वागताची कवायत जोडली गेली, आणि गणिताच्या मॅडम रजेवर गेल्या की गणितसुद्धा. अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या डिसेंबरात आंतरशालेय स्पर्धेत घोळ झाला. एकाच सकाळी मुलांची क्रिकेटची मॅच ठाण्यात आणि मुलींची खो-खोची सेमीफायनल कल्याणात.

"तुम्ही क्रिकेटला जा," सुधीर सर म्हणाले. "आमचा ऋतुराज कॅप्टन आहे." ऋतुराज हा त्यांचाच मुलगा.

"आणि खो-खोला कोण?"

"केशरबाई जातील सोबत. मुली हुशार आहेत, खेळतील आपल्या आपण."

केशरबाई शाळेच्या शिपाई. त्या डबे उत्तम सांभाळायच्या.

सकाळी दर्शना मुलींच्या बसमध्ये चढली. कॅप्टन उर्वी बघतच राहिली. "मिस, तुम्ही ठाण्याला जाणार होता ना?"

"तिकडे कॅप्टन आहे. तू लेस बांध."

मुली एका गुणाने हरल्या. उर्वी रडली, बाकीच्याही रडल्या. दर्शनाने सगळ्यांना वडापाव खायला घातला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला होता, आणि हरूनही तिला आतून फार बरं वाटत होतं. ते मुलींना सांगायची सोय नव्हती.

क्रिकेटची टीमही हरली, सकाळचे अकरा वाजायच्या आत. त्याचं कारण सोमवारी सापडलं: दर्शना मिस. तिला मेमो मिळाला. खुलाशात तिने लिहिलं, "मी खो-खोच्या सामन्याला होते," आणि खाली सही केली.

सुधीर सरांनी कडक शिक्षा केली. बाकी सगळे खेळ एका अकॅडमीला दिले. रंगीत टी-शर्टवाल्या अकॅडमीने खो-खो घेतला नाही, त्याला कोण फी भरणार? तो तेवढा दर्शनाकडे राहिला. हे सांगताना सरांनी चेहरा गंभीर ठेवला होता. टिशूचा डबाही पुढे सरकवला होता.

दर्शनाने विचारलं, "रोज किती वाजता?"

सध्या सव्वासातला पंचवीस मुली येतात. पालकसभेत सुधीर सर तिची ओळख करून देतात, "या आमच्या खो-खो स्पेशालिस्ट." पालक टाळ्या वाजवतात आणि क्रिकेटच्या फॉर्मची चौकशी करतात.